दिव्यांच्या अमावस्येपासून रथसप्तमीपर्यंत : मुलांच्या हातून केलेल्या सणांच्या नोंदी

२० जुलै २०२५, रविवार

पुण्यातील फ्लॅट, दोघांच्याही नोकऱ्या, आठ वर्षांची थोरली, चार वर्षांचा धाकटा आणि मूळच्या वर्ध्याच्या सासूबाई, अशा घरात वर्षाचे सगळे सण रीतसर करणे शक्य नाही, आणि तसे करण्याचा हट्टही आम्ही धरलेला नाही. आज कॅलेंडर समोर घेऊन निवड केली. ज्या सणात मुलाचा हात लागल्याशिवाय पुढे सरकत नाही असे निदान एक काम आहे, तेवढेच सण ठेवले. जेथे मुलांनी केवळ हात जोडून उभे राहायचे असते, ते यंदा मोठ्यांनी आपापल्या परीने करावेत असे ठरले. त्यामुळे दिव्यांची अमावस्या, तान्हा पोळा, घट, भोंडला, कोजागरी, दिवाळीचा किल्ला, बोरनहाण आणि रथसप्तमी एवढे उरले. गणपती साताऱ्याच्या घरी असतात, तेथे मुलांना कामांची वाण नसते, म्हणून त्यांची नोंद येथे नाही.

२४ जुलै, गुरुवार. दिव्यांची अमावस्या

मुलांचे काम: दिवे घासणे आणि कणकेच्या दिव्यांना वातीसाठी खळगा करणे.

समई, निरांजने आणि माळ्यावरचा लामणदिवा खाली काढला. चिंचेच्या कोळाने पितळ उजळते हे सर्वांनाच ठाऊक असते, म्हणून मुलांना थेट चिंच-मीठ दिले आणि तेथेच तासभर वाया गेला. वर्षभराच्या तेलाचा जो चिकट, काळपट थर समईच्या खाचांत बसलेला असतो त्यावर चिंचेचे काही चालत नाही. चिंचेतील आम्ल धातूवरचा काळेपणा काढते, तेलकटपणा नाही. शेवटी दिवे गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजत टाकले, जुन्या टूथब्रशने खाचा साफ केल्या आणि मग चिंच लावली, तेव्हा धाकट्याच्या हातातील निरांजन पाहता पाहता पिवळेधमक झाले. धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसावे, नाहीतर पाण्याचे डाग पुन्हा उमटतात.

कणकेच्या गोड दिव्यांचा पहिला घाणा वाफेत बसला. पाऊण वाटी गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून त्यात दोन वाट्या कणिक भिजवली होती, पण गुळाचे पाणी गरम असतानाच कणिक घातल्यामुळे गोळा सैल झाला आणि दिव्यांच्या वाट्यांच्या चकत्या झाल्या. दुसऱ्या वेळी पाणी पूर्ण निववले, चमचाभर तुपाचे मोहन घातले आणि पुरीच्या पिठाइतका घट्ट गोळा मळला. मोदकपात्रात पंधरा मिनिटे वाफवल्यावर दिवे उभे राहिले. खळगा अंगठ्याने करायचा असतो आणि चार वर्षांच्या मुलाचा अंगठा त्याला अगदी बेताचा असतो, हे आम्हांला आधी सुचले नव्हते.

घरातील विजेचे दिवे मालवून पाटावरील सर्व दिवे लावले. वेगळा खर्च असा झालाच नाही.

१० ऑगस्ट, रविवार. बैलांची पूर्वतयारी

सासूबाईंच्या माहेरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि त्यांना खाऊ किंवा पैसे, म्हणजे बोजारा, मिळतो. पुण्यात लाकडी बैल आम्हांला वाजवी किमतीत मिळाला नाही, म्हणून कुंभारवाड्यातून कालवलेली चिकणमाती आणली (रु. ८०) आणि बैल घरीच करायचे ठरवले.

थोरलीने पायांना आधार म्हणून झाडूच्या काड्या घातल्या. सुकताना माती आकसते आणि काडी आकसत नाही, त्यामुळे सगळे पाय उभे चिरले. त्यातच लवकर वाळावेत म्हणून आम्ही पंखा लावून ठेवला होता, तेव्हा पाठीवरही भेगा पडल्या. सासूबाईंनी बैल हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "अवं, पाय बारीक केले की बैल बसतेच. खांबावाणी पाय कर." पुढचे बैल आखूड, जाड पायांचे आणि काडीविना केले, पहिल्या दिवशी त्यांवर ओला कपडा टाकला व नंतर सावलीत ठेवले. ते टिकले.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

गेरू आणि चुन्याने रंगवलेले बैल बुटांच्या खोक्याच्या झाकणावर ठेवून, झाकणाला जुन्या खेळण्याची चाके लावून, दोरीने ओढत नेले. जिन्याजवळच्या उंबऱ्यावर गाडी आदळली आणि एका बैलाचे शिंग गेले. त्यानंतर पोटाखाली वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, म्हणजे वजन पायांवर येत नाही. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कल्पना देऊन ठेवणे आवश्यक आहे, कारण पुण्यात दारावर बैल घेऊन आलेल्या मुलाला काय द्यायचे हे बहुतेकांना ठाऊक नसते. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांच्याकडे बेंदूर, म्हणजे तिकडचा बैलांचा सण, असतो त्यांनी हेच काम आषाढात करावे. तेव्हा हवा दमट असल्याने माती वाळायला अधिक वेळ ठेवावा लागेल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. घटाची चाचणी

नवरात्र सुरू होण्याआधी घटाची रंगीत तालीम करून पाहिली, आणि या सबंध वर्षात घेतलेला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. पूजेत मांडलेला घट मध्येच मोडून पुन्हा मांडता येत नाही. चाचणीचा मोडता येतो.

एका परडीत काळी माती, मध्ये देवघरातला तांब्याचा कलश, भोवती गहू, ज्वारी, मका, हरभरा, मूग आणि सातू पेरला.

१७ सप्टेंबर, बुधवार

चाचणी फसली आहे. कलशाजवळची माती कोरडीठाक, कडेची चिखल झालेली, आणि हरभऱ्यावर पांढरी बुरशी. खोलीत आंबूस वास येतो आहे. मुलांनी पेल्याने पाणी ओतले हे निमित्त झाले, खरे कारण कलशात आहे. घट मातीचा असतो तो केवळ परंपरेखातर नाही. भाजलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी पाझरते आणि भोवतीची माती आतून, सावकाश ओली राहते. तांबे पाझरत नाही, म्हणून वरून पाणी घालावे लागते आणि मुलांच्या हातून ते नेहमीच जास्त पडते.

सातू उगवलाच नाही. वाण्याकडे मिळणारा सातू सडलेला, म्हणजे साल काढलेला असतो, आणि त्याबरोबर कोंबही जातो. गहू सर्वांत आधी वर आला, त्यामागोमाग ज्वारी व मूग.

२० सप्टेंबर, शनिवार

कुंभारवेशीजवळून दोन घट आणले, एक साधा (रु. ५०) आणि एक तैलरंगाने रंगवून टिकल्या लावलेला (रु. १२०). दोन्ही पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवले. सकाळी साध्या घटाखाली ओले वर्तुळ उमटले होते आणि रंगवलेल्या घटाखालचा कागद कोरडा होता. रंगाने छिद्रे बुजतात. म्हणून दिसायला सुंदर असलेला घट बाद झाला. त्यात आता पेन्सिली ठेवल्या आहेत.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

परडीत पत्रावळ, तीवर चाळलेली काळी माती बोटभर, रात्रभर भिजवून निथळलेले गहू आणि ज्वारी, वर पुन्हा मातीचा पातळ थर. हरभरा अगदी थोडा घातला, कारण एक दाणा कुजला तरी आसपासचे दाणे नासतात. मुलांचे काम एवढेच, की रोज सकाळी घट काठोकाठ भरायचा. मातीवर पाणी घालायचे नाही. पहिल्या दिवशी मात्र माती स्प्रेने भिजवून घ्यावी, कारण घटाचा पाझर कडेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

गहू वर आला आहे. थोरली पट्टीने उंची मोजून वहीत लिहिते, आणि ती वही तिची तिने सुरू केली आहे.

आज तिला एक अडचण पडली. काल तृतीया होती आणि आजही तृतीयाच आहे. यंदा तृतीयेची वृद्धी आहे; एकच तिथी लागोपाठ दोन सूर्योदयांना असली की ती दोन दिवस धरतात. म्हणजे घटावर रोज एक याप्रमाणे सोडायच्या माळा नऊ नव्हे, दहा होणार. दोऱ्यात माळ ओवणे धाकट्याला जमत नाही, सुई बोटाला लागते. तो फुले देठापासून खुडून देतो आणि थोरली ओवते. कारळ्याची पिवळी फुले मंडईत मिळाली, ती झेंडूपेक्षा स्वस्त पडली, पण ओवण्यास नाजूक आहेत.

२७ सप्टेंबर, शनिवार. भोंडला

सूर्य हस्त नक्षत्रात जाण्याचे हेच दिवस, त्यामुळे हादग्याचा, म्हणजे भोंडल्याचाच, आणि नवरात्राचा मेळ आपोआप बसला. पाटावर रांगोळीने काढलेला हत्ती पहिल्याच फेरात मुलांच्या पायांनी उधळला गेला. पुढच्या वेळी काळ्या पाटीवर खडूने काढावा. गाणी मोबाइलवर वाचून म्हणण्याचा बेत अजिबात चालत नाही, कारण मोबाइल धरायचा तर शेजारचीचा हात सोडावा लागतो आणि फेर तुटतो. एका ज्येष्ठ काकूंनी ओळ सांगायची आणि इतरांनी मागून म्हणायची, असे केल्यावर फेर चालला. गाणी मोजकीच घेतली. मुलग्यांना वगळण्याचे आम्हांला काही कारण दिसले नाही.

खिरापत ओळखणे हाच मुलांचा खरा भोंडला आहे. डबा हलवून आवाज ऐकायचा, झाकणाला नाक लावायचे आणि प्रश्न विचारायचे. वाटली डाळ कोणालाही ओळखता आली नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

धन, म्हणजे घटाभोवती उगवलेली रोपे, वीतभर उंच आणि फिके पिवळे झाले आहे, कारण देवघराच्या कोपऱ्यात उजेड पोहोचत नाही. आजोबांच्या पिढीत ते टोपीत खोवत. टोपी घरात नसल्याने कानावर खोवले. रोपे मुळासकट उपटू नयेत, मातीचे ढेकूळ बरोबर येते आणि देवघरभर सांडते. कात्रीने कापावीत.

घटाचा एकूण खर्च, चाचणी धरून, चारशे रुपयांच्या आत. त्यातील जवळपास निम्मा फुलांचा, कारण दसरा जवळ येईल तसा झेंडू महागतो.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

या दिवशी ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची, म्हणजे आश्विनीची, रीत आहे. थोरली पाटावर बसली आणि धाकट्याने भोकाड पसरले. "मी कधी ज्येष्ठ होणार?" या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते. सासूबाईंनी निरांजनाचे तबक त्याच्याच हाती दिले आणि खालून आपला हात लावला. बहिणीला त्याने ओवाळले, अक्षता अर्ध्या तिच्या डोळ्यांत गेल्या, आणि रडणे थांबले. दोन मुलांच्या घरांनी ही वाटणी आधीच ठरवून ठेवावी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. किल्ला: जागा आणि माती

थोरलीची सहामाही परीक्षा आज संपली, त्यामुळे आठवडाभर उशीर झाला आहे. वसुबारस १७ तारखेला आहे.

पार्किंगच्या कोपऱ्यातील जागेसाठी सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी घ्यावी लागली. किल्ला कोणता यावर घरात मतभेद नव्हते. जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले तेव्हापासून थोरलीने राजगड ठरवून ठेवला होता. रायगडाआधीची महाराजांची राजधानी, मध्ये बालेकिल्ला, आणि पूर्वेला सुवेळा, पश्चिमेला संजीवनी, उत्तरेला पद्मावती अशा तीन माच्या. मुलांना वाटून द्यायला हा नकाशा सोयीचा आहे, कारण माचीगणिक एक मालक ठरवता येतो. धाकट्याने पद्मावती घेतली, सर्वांत सपाट म्हणून.

जवळच्या बांधकामावरून काळी माती फुकट मिळाली. विटांचे तुकडे आणि दगड रचून उंची आणली व त्यावर मातीचा लेप दिला.

११ ऑक्टोबर, शनिवार

एका रात्रीत बालेकिल्ल्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना तितकीच आकसते; शेतात उन्हाळ्यात ज्या भेगा दिसतात त्याच येथे पार्किंगमध्ये पडल्या. वरून पुन्हा काळाच लेप दिला तर तोही फाटतो, हे दुपारपर्यंत करून पाहिले.

संध्याकाळी वरचा थर खरवडून काढला. नर्सरीतून लाल मातीचे पोते आणले (रु. १२०) आणि किराणा दुकानातून रिकामी गोणपाटे (रु. ६०). लाल मातीचा ताकाइतका पातळ राडा कालवून त्यात गोणपाट बुडवायचे, हलके पिळून दगडांवर अंथरायचे आणि कड्यांच्या जागी चुण्या पाडायच्या. मातीला कापडाचा धरबंध मिळाल्याने भेगा पडत नाहीत, आणि चुण्या खऱ्या सह्याद्रीच्या कड्यांसारख्या दिसतात हा वरचा लाभ. कोपरापर्यंत राड्यात हात घालण्याचे काम मुलांचे. मोठ्यांनी फक्त दगड उचलावेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

सुवेळा माचीला नेढे, म्हणजे कड्यातील आरपार भोक, हवेच होते. ओल्या मातीत बोटाने पाडलेले भोक खचत राहिले. शेवटी प्लंबरच्या कामातून उरलेला पाइपचा तुकडा आडवा बसवून वर गोणपाट ओढले आणि पाइपची कड मातीने लिंपली. थोरली पोटावर पालथी पडून त्यातून पलीकडचे मीटर पाहत होती, आणि तिच्यामागे इमारतीतील इतर मुलांची रांग लागली.

तटबंदीसाठी कापलेला पुठ्ठा ओल्या मातीत तासाभरात लोळला. त्याजागी खडी एकेक करून रोवली. वेळखाऊ काम आहे, पण धाकटा त्यात रमला.

हिरवळीसाठी अळीव आणि मोहरी दोन्ही पेरले. मोहरी उतारावरून घरंगळून पायथ्याशी जमा झाली. अळिवाला पाणी लागताच त्याभोवती बुळबुळीत आवरण येते आणि दाणा जागच्या जागी चिकटतो, म्हणून उतारावर अळीवच पेरावा. मात्र आधी भिजवू नये, त्याचे गोळे होतात. माती ओली करून कोरडे दाणे भुरभुरावेत आणि मग स्प्रेने पाणी मारावे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

अळीव तरारून आला आहे. कसबा पेठेतून महाराज, मावळे आणि एक तोफ आणली (सर्व मिळून रु. ४५०, आणि संपूर्ण किल्ल्यात सर्वांत मोठा खर्च हाच). मावळे किल्ल्याच्या मानाने अवाढव्य आहेत, एकेक मावळा माचीच्या निम्म्या उंचीचा. मी लहान मावळे आणू म्हटले, तेव्हा दोघांनीही साफ नकार दिला, आणि किल्ला त्यांचा असल्याने विषय तेथेच संपला.

फटाक्यांची एक ठिणगी गोणपाटावर पडून ते धुमसू शकते. लेप वाळल्यावर कोठेही उघडे सूत दिसता कामा नये, हे पाहून घेतले. पणत्या फक्त पायथ्याशी, विटेवर.

२६ ऑक्टोबर, रविवार. मोडणी

भाऊबीज होऊन गेली. काहीजण तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवतात, आमच्या परवानगीची मुदत आज संपते. मोडायला मुलांना बोलवावे की नाही यावर आम्ही दोघे चर्चा करत होतो, तोवर धाकट्याने संजीवनी माचीवर उडी मारली होती. दगड-विटा परत केल्या, लाल माती सोसायटीच्या वाफ्यांत पसरली, गोणपाटे धुऊन वाळवली. मावळे अंड्यांच्या ट्रेमध्ये बसतात.

१८ जानेवारी २०२६, रविवार. बोरनहाण

संक्रांत ते रथसप्तमी या काळात पाचाच्या आतील मुलांना बोरनहाण घालतात, म्हणजे धाकट्याची ही बहुधा शेवटचीच संधी होती. हलव्याचे दागिने विकत आणले (रु. ३५०), त्यांतील मुकुट टोचतो म्हणून त्याने क्षणात काढून फेकला. पुढे कोणाला करायचे असेल तर हार तेवढा घ्यावा.

आमंत्रितांत दोन-अडीच वर्षांची मुलेही होती आणि खाली पडलेले उचलून तोंडात घालणे हाच या समारंभाचा गाभा असतो, त्यामुळे बोरे, हरभरे आणि गोळ्या घशात अडकण्याचा धोका खरा आहे. आम्ही चुरमुरे, बत्ताशांचा चुरा आणि झेंडूच्या पाकळ्या डोक्यावरून ओतल्या. बोरे आणि उसाचे करवे वेगळ्या परडीत ठेवून मोठ्या मुलांना दिले. सासूबाईंना हे पटले नाही. त्यांनी एक मूठ बोरे धाकट्याच्या डोक्यावरून टाकलीच आणि ती स्वतःच लगोलग वेचून घेतली.

जमिनीवर आधी जुनी चादर अंथरावी. चुरमुरे सोफ्याखाली जातात.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

मातीच्या बोळक्यात दूध घालून गोवरीवर ते उतू घालवायचे, एवढाच विधी. गोवऱ्या पूजासाहित्याच्या दुकानात मिळाल्या (पाच नगांचे रु. ५०). बाल्कनीत धूर कोंडून वरच्या मजल्यावरून तक्रार आली, म्हणून सगळा संसार उचलून गच्चीवर नेला. तेथे पहिले बोळके तडकले आणि दूध राखेत गेले. नवे, कोरडे बोळके थेट विस्तवावर ठेवले की तडकतेच. ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, बाहेरून पुसून आधी मंद आचेजवळ कोमट करावे आणि मग दूध घालून गोवरीवर चढवावे. आमच्याकडे रात्रभराची सवड नव्हती, म्हणून संक्रांतीचे वापरलेले सुगड घेतले, जे हळदीकुंकवाच्या वेळी धुऊन ओलसर झालेले होते, आणि ते टिकले. दूध कोणत्या बाजूला उतू जाते हे पाहण्यासाठी मुलांना वाऱ्याच्या दिशेने उभे करू नये, धूर थेट डोळ्यांत जातो. दूध पूर्वेला उतू गेले, असे थोरलीचे म्हणणे आहे. धाकट्याच्या मते ते सगळीकडे गेले. उरलेल्या दुधात तांदूळ घालून खीर केली.